मीथ बघायला शिकवणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

डब्लिनमधल्या आम्हा काही मराठी कुटुंबांचं हे पत्र. भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की त्यांना शेजारच्या काउंटी मीथ या आयरिश जिल्ह्यात न्यायचं आणि निघण्याआधी तिथल्या नॅव्हन गावी तुम्हाला फोन करायचा, हे आता ठरूनच गेलंय. तुम्ही कधीच नुसती ठिकाणांची नावं सांगितली नाहीत. आधी कुठे जायचं, कशापुढे थांबायचं, आणि जे दिसतं ते तसं का आहे, हे सांगत आलात. त्याबद्दल आभार मानायचे आहेत. जाहीर अशासाठी की ज्यांच्याकडे तुमचा नंबर नाही त्यांच्याही हे हाती पडावं.

पहिले आभार एका साध्या सूचनेचे: आत बोगदा आणि गाभारा असलेलं न्यूग्रेंजचं अश्मयुगीन दफन-टेकाड बघायला निघताना गाडीच्या नकाशात ‘न्यूग्रेंज’ टाकू नका. तसं टाकलं की गाडी बॉइन नदीच्या उत्तरेला थेट स्मारकाच्या फाटकाशी जाते आणि तिथे तिकीट मिळत नाही. जायचं असतं ते नदीच्या दक्षिणेला, डोनोरजवळच्या ब्रू ना बोन्या या पर्यटक-केंद्रात. तिकीट तिथलं, पादचारी पूल ओलांडायचा तो तिथूनच, आणि पलीकडे उभी असलेली बस न्यूग्रेंजला आणि जवळच्या तशाच नाउथच्या टेकाडाला सोडते. पुलापर्यंत चालायला वेळ लागतो, गुडघेदुखी असलेल्यांना जास्तच, म्हणून तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास तरी आधी पोचायचं, ही तुमची ताकीद. तिकिटं ऑनलाइन साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात भराभर संपतात. घेताना नीट वाचायचं, कारण सगळ्याच तिकिटांवर गाभाऱ्यात जाता येत नाही.

आत जाण्याबद्दल तुम्ही जे सांगता ते ज्येष्ठांना फार उपयोगी पडतं. बोगदा 19 मीटरचा. मधे दोन्ही बाजूंचे उभे दगड इतके जवळ येतात की अंग तिरकं करून, वाकून सरकावं लागतं. पाठीवरची पिशवी आत नेता येत नाही. साडी नेसणार असाल तर निऱ्या वर खोचून घ्या, सलवार-कुर्ता बरा. कोंडल्यासारखं होत असेल तर आधीच सांगून रांगेत शेवटी राहा, म्हणजे बाहेर पहिले पडाल. फोटो आत काढू देत नाहीत. ते एका अर्थी बरंच आहे, कारण त्यामुळे माणसं मान वर करून छत बघतात.

त्या छतापाशी आम्ही तुमच्यामुळेच थांबतो. सुमारे 6 मीटर उंच, प्रत्येक थर आधीच्या थराच्या थोडा आत सरकवत नेलेला, वर एका दगडाने मिटवलेला. चुना नाही, हेमाडपंती देवळात नसतो तसाच. इ. स. पू. 3200 च्या सुमाराचं हे काम अजून कोरडं आहे. बोगद्यावरच्या छताच्या दगडांना वरून पन्हळी कोरल्या आहेत, पाणी बाजूला निघून जावं म्हणून. सांध्यांत भाजकी माती भरलेली आहे, आणि या भरावातल्या कोळशावरूनच बांधकामाचा काळ काढता आला. हे माहीत नसेल तर माणूस काळोखात पाच मिनिटं उभा राहून बाहेर येतो.

सूर्यकिरणांचंही तसंच. 21 डिसेंबरच्या आसपास सकाळी 8:58 च्या सुमाराला किरण गाभाऱ्यात पोचतो आणि सुमारे 17 मिनिटं राहतो, एवढं सगळेच सांगतात. तो दारातून येत नाही, हे तुम्ही सांगितलंत. बोगद्याची जमीन आत जाताना जवळजवळ 2 मीटर चढते. त्यामुळे दारातून शिरलेला उजेड वाटेतच अडतो आणि आतपर्यंत जातो तो दाराच्या वरच्या खास झरोक्यातला. म्हणून बाहेर दारासमोर उभं राहून आधी तो झरोका आणि मग गाभाऱ्याची पातळी मनात जुळवून बघायची. इथलं उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ’केली यांनी 1967 साली हा किरण आत उभं राहून पाहिला. आता त्या दिवसांत आत जायला सोडत निघते आणि हजारो अर्जांतून मोजक्यांचा नंबर लागतो. नंबर लागला तरी ढग असले तर काहीच दिसत नाही. बाकीच्या दिवशी मार्गदर्शक दिवे घालवून विजेच्या झोताने तो किरण दाखवतात, आणि ते दाखवणंही मन लावून बघण्यासारखं असतं.

न्यूग्रेंजची पांढरीशुभ्र दर्शनी भिंत ओ’केली यांच्या उत्खननानंतर उभारलेली आहे, मागे काँक्रीटचा आधार आहे. गारगोटीचे दगड मूळचेच, विकलो डोंगरांतून आणलेले, पण ते भिंतीत उभे होते की दारापुढे पसरलेले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. म्हणून त्याच दिवशी नाउथ बघायचंच, असा तुमचा आग्रह. नाउथचं उत्खनन करणाऱ्या जॉर्ज ओगन यांनी तिथे तीच गारगोटी दारापुढे जमिनीवर पसरलेली ठेवली. एकाच पुराव्याची दोन उत्तरं एका दुपारी बघायला मिळतात. नाउथच्या बोगद्यांत जाता येत नाही, पण टेकाडाच्या माथ्यावर जाता येतं, आणि पायथ्याच्या कोरीव दगडांवरून सावकाश फेरी मारता येते. हिवाळ्यात मात्र नाउथ बंद असतं.

तारा या प्राचीन आयरिश राजांच्या टेकडीवर गेल्यावर बहुतेकांचा विरस होतो, कारण समोर दिसतं नुसतं हिरवं गवत आणि उंचवटे. त्यावरचा तुमचा उपाय सोपा होता: गाडीतून उतरण्याआधी मोबाइलवर आकाशातून घेतलेला फोटो बघा. मग एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं आणि त्यांना वेढणारं मोठं कडं पायाखाली ओळखू येतं. या मोठ्या कड्याचा खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे. किल्ल्याला असा खंदक काय कामाचा? म्हणजे ही जागा संरक्षणासाठी नव्हे, विधींसाठी आखलेली. लिया फॉल नावाचा उभा दगड पूर्वी तिथल्याच ‘ओलिसांचं टेकाड’ नावाच्या उंचवट्याजवळ होता. इंग्रजांविरुद्धच्या 1798 च्या बंडात पडलेल्यांच्या दफनभूमीवर खूण म्हणून तो आत्ताच्या जागी आणला. याच टेकडीवर आयरिश नेते डॅनियल ओ’कॉनेल यांची विराट सभा झाली ती 1843 च्या 15 ऑगस्टला, हे ऐकून आमच्याकडचे ज्येष्ठ दर वेळी चमकतात. तिकीट नाही, वारा भरपूर, गवत ओलं आणि मेंढ्यांच्या लेंड्या सगळीकडे, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेत.

ट्रिम गावच्या किल्ल्याचं दर्शन तर तुम्ही आमच्यासाठी पार बदलून टाकलंत. इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन सरदार ह्यू द लेसीने 12 व्या शतकात सुरू केलेला हा आयर्लंडमधला सर्वांत मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला. मधल्या बुरुजवाड्याला चौकोनाच्या बाजूंना जोडलेल्या मनोऱ्यांमुळे 20 बाजू आहेत, आणि आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. जिना चक्राकार, अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या. ज्यांना चढवणार नाही त्यांना नदीपलीकडच्या पिवळ्या मनोऱ्याकडे (‘यलो स्टीपल’) न्या, किल्ल्याचा सगळ्यात चांगला देखावा तिथूनच, असं तुम्ही सांगता ते खरं आहे.

आणि मग गावातला तो उंच स्तंभ. 1817 सालचा, वर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा. आम्ही कित्येकदा त्याच्याजवळून गाडी नेली असती आणि मान वर केली नसती. हाच आर्थर वेलस्ली. त्याचं बालपणीचं घर इथून जवळ डँगनला, आणि आयरिश संसदेत तो ट्रिमचा प्रतिनिधी होता. याने 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, 23 सप्टेंबरला आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि डिसेंबरात मेळघाटातला गाविलगड जिंकला. जालना-अमरावतीकडच्या माणसांना हे तिथे उभं राहून सांगितलं की ती बराच वेळ हलत नाहीत. तुम्ही हे सांगताना ना त्याचं कौतुक करता ना शिव्या घालता, तारखा आणि जागा पुढे ठेवता. ही तुमची पद्धत आम्हाला फार मोलाची वाटते.

केल्सला जाणाऱ्यांना तुम्ही आधीच सांगता की ‘बुक ऑफ केल्स’ हा प्रसिद्ध हस्तलिखित ख्रिस्ती ग्रंथ तिथे नाही, 17 व्या शतकापासून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तरीही जा, म्हणता, आणि चर्चच्या आवारातला अर्धवट राहिलेला क्रूस बघा. काही चौकटी नुसत्या आखून, उठाव ठेवून सोडलेल्या आहेत. कारागीर आधी काय करायचा आणि नंतर काय, हे पुऱ्या झालेल्या क्रूसावर कळत नाही, इथे कळतं.

काका, या सगळ्यासाठी तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत, कधी फोन घाईने ठेवला नाही. वयस्कर माणसं सोबत आहेत म्हटल्यावर आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि मग बेत सांगितलात. आमची माणसं परत गेल्यावर शेजाऱ्यांना बोगद्याची जमीन का चढते ते समजावून सांगतात, याचं श्रेय तुमचं आहे. मनापासून आभार.

आपले,
डब्लिनची मराठी मंडळी

ता. क. लॉक्रूच्या टेकडीवर जाणाऱ्यांसाठी: चढ थोडा पण खडा आहे, वर आडोसा नाही. ‘केअर्न टी’ या दगडी टेकाडात आत सोडत आहेत की नाही, ते निघण्याआधी विचारून घ्या. डागडुजीसाठी ते बंद ठेवलेलं असतं, तेव्हा फाटकाच्या गजांतून आत डोकावण्यासाठी टॉर्च जवळ हवाच.