थोडं थोडं सगळंच वर

दादर, मुंबई

प्रिय मध्या,

रिपोर्ट पाहिला. खाली तू लिहिलंयस, "सगळं थोडं थोडंच वर आहे, कोलेस्टेरॉल नॉर्मल, वजन ७० किलो. मजेत!" मजेत कसला? थोडं थोडं सगळंच वर असणं, हेच तर दुखणं आहे. पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर, या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुझे ट्रायग्लिसराइड २१२, हवेत १५०च्या आत. एचडीएल ३६, पुरुषाला निदान ४० हवं. साखर १०८, हवी १००च्या आत. झाले की तीन! पोट तर तू मोजलंच नाहीस. पँटचा नंबर सांगू नकोस, ती तू पोटाखाली बांधतोस. टेप बेंबीपाशी धर, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर ही हद्द.

वजनाच्या काट्यावर भुलू नकोस. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! आपली जातकुळी हीच, हातपाय काड्या आणि साठा पोटात. ती चरबी यकृतात जमली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि साखर, ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात.

आता तुझा दिवस. सकाळी पोहे, अकराला गोड चहा-बिस्किट, ठाण्याला उतरल्यावर वडापाव, रात्री साडेदहाला ताटभर भात आणि लगेच आडवा. तेलाचं मला एवढं नाही (वहिनी बेतानंच घालतात), खुपतो तो मैदा, साखर आणि भात. सकाळी मटकीची उसळ नाहीतर अंडी खा. चहा बिनसाखरेचा, सुरुवातीला तोंड वाकडं होईल. रात्री एक भाकरी, दुप्पट भाजी, वाटीभर वरण. बुधवारी बांगडा, पण कालवणातला. ज्वारी म्हणजे काही औषध नव्हे हं, चार भाकऱ्या हाणल्यास तर भातानं काय घोडं मारलंय? वडापाव सोडू नकोस, महिन्यातून एकदा चवीनं खा.

जेवल्यावर सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं चाल. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनची फारशी वाट न बघता. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. नुसतं खाणं-चालणं सुधारून मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांचाही जवळपास तेवढाच. तरी डॉक्टरांनी गोळी दिली तर घे, उगाच शूरपणा नको.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दे. आणि आदल्या रात्री मित्रांबरोबर 'बसायचं' नाही, ट्रायग्लिसराइड हमखास चढलेले दिसतात.

तुझा,
सुहास