डोंगा, सायकल आणि लाईट

प्रिय गड्या,

तू पेनड्राईव्हमध्ये दिलेला तो ‘फादर अँड डॉटर’ नावाचा छोटा ॲनिमेशन सिनेमा परवा समाजमंदिरात लावला. डच माणसाने, मायकेल डुडॉक डे विटने, २००० साली केलेला, आणि पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालेला. एवढं सांगितलं तर कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ‘आठेक मिनिटांचा आहे, अन् त्यात कोणी बोलत नाही’ म्हटल्यावर मात्र माणसं सावरून बसली. शाळेचा प्रोजेक्टर, पडदा म्हणजे आमच्या घरचं पांढरं धोतर.

बाप सायकल झाडापाशी लावतो, काठ उतरतो आणि परत वर धावत येऊन पोरीला उचलतो, मग छोट्या नावेत, डोंग्यात बसून निघून जातो. तेव्हा मागून एक पोट्टं ओरडलं, “बे, मोबाईल नव्हता का त्याच्याजवळ?” सगळे हसले. पण पोरगी दरवेळी सायकलवर येते, आधी एकटी, मग मैत्रिणींसोबत, मग कोणाच्या मागे बसून, मग लेकरांना घेऊन, तसतसं हसू जिरत गेलं. म्हातारी होऊन ती कोरड्या गवतात उतरली, मातीत रुतलेल्या डोंग्यात आडवी झाली, आणि नेमकी लाईट गेली!

अर्धा तास आली नाही. त्या अंधारात जी चर्चा झाली, ती तू ऐकायला हवी होतीस.

पहिला वाद पाण्यावर. एवढं पाणी गेलं कुठं? मी मास्तरकी केली. सांगितलं, त्यांच्या नेदरलँड्समध्ये १९३२ साली समुद्राच्या तोंडावर बांध घातला आणि आतल्या पाण्यातून जमीन काढली. कोणीतरी लगेच म्हणालं, “आपलं उलटं. आपल्या जमिनीचं पाणी केलं.” गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, आपण तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होतो. तुझं घर, माझं घर, मारोतीचा पार, सगळं आता खाली आहे. त्यावर मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

तू पत्रात लिहिलं होतंस ना, पाणी म्हणजे काळ, चाक म्हणजे आयुष्य वगैरे? ते मी बोललोच नाही, बरं केलं. कारण मासे धरणारे ढिवर आबा तंबाखू मळता मळता म्हणाले, “बाप दूर गेलाच नव्हता. डोंगा पाहा कुठी आहे. काठापासून हाकेवर बुडाला. पोरगी जनमभर दूर पाहत रायली.” मी हा सिनेमा चारदा पाहिलाय रे. मला हे दिसलं नव्हतं.

आणि सरपंचाच्या मागे बसलेली एक बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, तिचा राग निराळाच. “हे सारं ठीक आहे गुरुजी, पन या पोरीची माय कोठी आहे? घरी चुलीपाशी असन. तिचा सिनेमा कोन काढते?” बायका हो हो म्हणाल्या. पुरुष खाकरले. मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि खरं सांगू, मला तो सिनेमा आता थोडा कमी आवडतो.

लाईट आली, शेवट दाखवला. म्हातारी उठते, धावता धावता तरणी होते, बापाला बिलगते. अर्धे म्हणाले भेटला, अर्धे म्हणाले मेली. आबा तोवर निघून गेले होते, बोडीवर, म्हणजे तळ्यावर, जाळं टाकायचं होतं म्हणे.

हां, एक राहिलं. शेवटी तिची सायकल उभी राहत नाही, पुन्हा पुन्हा पडते, ते आठवतं? तुझ्या बाबांची सायकल माझ्या पडवीत तशीच आहे, भिंतीला टेकवून. स्टँडची स्प्रिंग गेलीय. दिवाळीला येशील तर नवीन बसवून ठेवतो, नाहीतर कोणाला द्यायची ते कळव. पोट्टे रोज मागतात.

तुझाच,
मास्तर