परड्यातल्या मिरच्यांचा हिशोब

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही रोज फोनवर मिरचीचं विचारताय, अर्धं तुम्हाला ऐकू येत नाही, मग ताई मधूनच ओरडून सांगती आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून आज सगळं नीट लिहून पाठवतोय. ताईला सांगा, अक्षर मोठं करून देईल. आई, तू चष्मा लावून वाच.

गुडघ्याच्या ऑपरेशनला ताईकडं पुण्याला जाताना तुम्ही म्हणालात, घरामागच्या परड्यात चाळीस रोपं हायत, घरापुरती होतील. बाबा, गल्लीला वाटून उरली. आठ दिवसाला तोडा करायचा असं सांगून गेलेलात, मी तसंच केलं, आणि जितकं तोडावं तितकी परत फुलं धरायला लागली. एक आठवडा ऑफिसच्या गडबडीत तोडा चुकला तर झाडावरच लाल झाल्या आणि नवी फुलं लगेच कमी पडली, तेव्हा कळलं तुम्ही वेळेवर तोडा म्हणून का मागं लागायचा. मधी चार रोपांवर बोकड्या रोग आलेला, पानं आकसून वर वळलेली, ती उपटून लांब नेऊन टाकली आणि बाकीच्यांवर निंबोळी तेल मारलं. राहिली ती छत्तीस.

एका रविवारी दोन बुट्ट्या भरल्या. सोप्यात ओतल्या तर चालायला जागा नव्हती, एकीकडं हिरव्या, एकीकडं लाल, आणि तुम्ही हौसेनं लावलेल्या ढबू वेगळ्या. शेजारच्या काकूंना, वरच्या गल्लीत, ऑफिसात, सगळीकडं दिल्या. तरी संपेनात, आणि तुम्ही पाणी घालून वाढवलेलं टाकून द्यायचं माझ्या जीवावर आलं.

हिरव्यातल्या दोन किलो धुऊन, फॅनखाली कोरड्या करून, देठं काढून पिशव्यांत घालून फ्रीजरला टाकल्यात. त्या फोडणीला आणि खर्ड्याला चालतात, नुसत्या तोंडी लावायला मऊ पडतात. खर्डा मी आता नेहमी करतोय आई, तुझ्यासारखा, तव्यावर थेंबभर तेलात मिरच्या डाग पडेपर्यंत भाजून, लसूण जिरं शेंगदाणे मीठ टाकून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडून. मिक्सरला एकदा करून बघितला, पार गंधासारखा बारीक झाला, परत नाही केला. एक मात्र तुला सांगायचंय, राग मानू नको. तू खर्ड्यावर तेल ओतून आठवडाभर ओट्यावर ठेवायचीस ना, ते आता नको. लसूण तेलाखाली राहिला की तिथं हवा नसती, आणि आंबटपणा नसला तर त्यात बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात, वास-रंग काही न बदलता. मी दोन दिवसांपुरताच करतो आणि फ्रीजला ठेवतो. तिकडं ताईच्यातही तसंच करा.

ताकातल्या मिरच्या पहिल्यांदा वाया गेल्या. चिरा देऊन आंबट ताकात मीठ घालून रात्रभर भिजवल्या, सकाळी उन्हात, संध्याकाळी परत त्याच ताकात, असं तू सांगितलंस तसंच चाललेलं, पण तिसऱ्या दिवशी आभाळ आलं ते दोन दिवस गेलंच नाही. मी ओल्याच झाकून ठेवल्या. उघडून बघतो तर पांढरी बुरशी. अख्खी पाटी टाकावी लागली आणि लई वाईट वाटलं, त्या दिवशी तुमच्याशी फोनवर धड बोललो नाही त्याचं कारण हेच होतं. दुसऱ्यांदा तीन दिवस कडक ऊन बघून मगच घातल्या, ताक सगळं मुरल्यावर खडखडीत वाळवल्या. बाबांच्यासाठी थोड्या वेगळ्या केल्यात, आतला पांढरा पडदा काढून. तिखटपणा जास्त त्या पडद्यातच असतो, बी पण त्याला चिकटलेलं म्हणून तिखट लागतं. ते काढताना माझ्या हाताची जी आग झाली, पाण्यानं धुतलं तरी जाईना, मग तुमच्या सुनेनं खोबरेल तेल चोळायला लावलं आणि वरून साबण, तेव्हा निवलं. तिखट तेलात विरघळतं, पाण्यात नाही. आता हातमोजे घालतो.

ओल्या लालचा रंजका केला, तुझ्या गडहिंग्लजच्या माहेरचा. किलोभर मिरची, मीठ, लसूण, भाजलेल्या मेथीची पूड आणि बारा लिंबांचा रस. बरणी गरम पाण्यानं धुऊन दिवसभर उन्हात ठेवलेली, चमचा कोरडाच घालायचा असं घरात सगळ्यांना बजावलंय. नातवाला तो दह्यात कालवून भाकरीबरोबर लागतो, गुलाबी दही म्हणतो.

आता मेन गोष्ट. आई, वर्षाची कांदा-लसूण चटणी मी केली.

लाल मिरच्या देठासकट गच्चीवर धुतलेल्या चादरीवर पसरल्या, ऊन उतरलं की रोज आत घ्यायच्या, नाहीतर दव धरतं आणि काळ्या पडतात. हलवल्यावर आत बी वाजायला लागलं तेव्हा झाल्या म्हटलं. सहा किलो ओल्याचं दीड किलो पण भरलं नाही. आपली जवारी तिखटाला भारी पण रंगाला कमी, म्हणून लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं किलोभर ब्याडगी मिरची आणली. तुझ्या वहीत "धणे बेताचे, खोबरं जरा जास्त" एवढंच लिहिलंय, मग तू फोनवर ओंजळीनं सांगितलंस ते मी ओंजळ भरून काट्यावर तोललं आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवलं. ते पान वहीत तुझ्या अक्षराच्या शेजारीच चिकटवलंय, तुझं खोडलं नाही. कांदा तीन तास तेलात परतला, ओल अजिबात राहू दिली नाही, खोबरं तीळ खसखस वेगवेगळं भाजलं. मिरची कांडायच्या डंकावर रांग होती, शिमगा तोंडावर आलाय म्हटल्यावर असणारच. मिरची आधी कांडून घेतली, मग मसाला, मग कांदा-लसूण घालून परत एकदा. कांडणाऱ्या मावशींनी तुझी चौकशी केली, म्हणाल्या औंदा आई नाही आल्या व्हय. मला तिथंच भरून आलं. आजवर तुझ्याबरोबर डबा धरून उभारायलाच गेलेलो.

बरणीत दाबून भरली, मधी हिंगाचे खडे ठेवले, वरून फडकं बांधलं. रविवारी तांबडा रस्सा केला. कट मस्त आला, तिखट पण बरोबर बसलं, पण तुझ्या चटणीचा जो मागनं वास येतो तो येत नाही. दगडफूल कमी पडलं का कांदा अजून परतायला पाहिजे होता, मला काय उमजत नाही.

बाबा, बी पण धरलंय. ढबूच्या जवळच्या रोपांचं नाही घेतलं, माश्यांमुळं मिसळ होती म्हणून, पार विहिरीच्या बाजूच्या दोन चांगल्या रोपांची पूर्ण लाल झालेली फळं काढून बी सावलीत वाळवलंय. राख लावून पुडीत तुमच्या कपाटात, वर तारीख टाकून. पण पावसाळ्यात रोपं तुम्ही सांगाल तशीच टाकायची, तोवर फिजिओथेरपी पूर्ण करा, लवकर यायची घाई नको. परड्याला मी रोज पाणी घालतोय.

शनिवारी भाऊजी पुण्याला परत चाललेत, त्यांच्याकडं डबा देतोय. मोठ्या बरणीत चटणी, लहानीत पडदा काढलेल्या ताकातल्या मिरच्या, त्याच्यावर बाबांचं नाव आहे, त्यात मीठ डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कमीय, ती फ्रीजला ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा. रंजका मधल्या डब्यात.

आई, चटणी आधी नुसती भाकरीवर तेल घालून खाऊन बघ आणि काय राहिलंय ते सांग. अर्धा किलो ब्याडगी अजून ठेवलीय, परत डंकावर जाऊन येतो.

तुमचा,
धाकटा