घारींना गिधाडे म्हणणे थांबवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मलबार हिलवरचा लेख वाचला. छपाई सुरेख, छायाचित्रे त्याहून सुरेख. मात्र त्यात दिलेल्या क्रमाने कुणी खरोखरच पाहुण्यांना फिरवायला निघाले, तर लेखात कबूल केलेले दोन तास तीन बत्तीच्या नाक्यावरच संपतील.

‘सकाळी अकराला कमला नेहरू पार्कातून मरीन ड्राइव्हची छायाचित्रे घ्या’ असा सल्ला दिला आहे. पार्काच्या कठड्यावरून नरिमन पॉइंट दक्षिण-आग्नेयेला दिसतो आणि हिवाळ्यात अकराच्या सुमारास सूर्यही नेमका त्याच अंगाला असतो. त्यात डिसेंबर-जानेवारीचे धुरके. पाहुण्यांच्या पदरात पडते ती पांढरट भिंत. छायाचित्रे हवी असतील तर साडेचारनंतर जावे. तेव्हा ऊन उजव्या खांद्यामागून येते आणि समोरच्या इमारती उजळतात. मरीन ड्राइव्हच्या रत्नहाराचे (क्वीन्स नेकलेसचे) दिवे पाहायचे असतील तर सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटे थांबायचे. आकाश पुरते काळे होण्याआधीच तो सर्वांत चांगला दिसतो. (२०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा झालेली बोंबाबोंब वाचकांना आठवत असेलच.) पावसाळ्यात सरी थांबल्यावरची हवा सर्वांत स्वच्छ असते. आणि ‘म्हातारीच्या बुटावर चढून देखावा पाहा’ हे तर कृपा करून मागे घ्या. तो बूट लहान मुलांसाठी आहे, साठीच्या पर्यटकांसाठी नव्हे.

मलबार हिल चढत नव्हे, उतरत पाहायची असते. वाहनाने थेट हँगिंग गार्डनला जावे आणि तिथून बाळ गंगाधर खेर मार्गाने जैन मंदिर, तीन बत्ती, बाणगंगा तलाव असे चालत खाली यावे. अंतर दोन-सव्वादोन किलोमीटर, सगळा उतार. लेखातल्याप्रमाणे बाणगंगेपासून सुरुवात केली की अर्धा गट चढावावर धापा टाकतो आणि वाटाड्याची निम्मी माहिती वाऱ्यावर जाते. निसर्ग उन्नत मार्ग (झाडांमधून नेलेला उंच पायमार्ग) करायचा असेल तर तो भल्या सकाळी, सगळ्यांत आधी. तिथे तासाच्या हिशेबाने ऑनलाइन नोंदणी करावी लागते, तिकीट भारतीयांना २५ आणि परदेशी पाहुण्यांना १०० रुपये. लेखात याचा उल्लेखही नाही. मार्ग ४८५ मीटरच्या आसपास आहे, तरी काचेच्या तळाच्या भागावर प्रत्येकाला स्वतःच्या पायांचा फोटो हवा असतो. तास तिथेच जातो.

जैन मंदिराच्या दारातले दोन दगडी हत्ती लेखकाला दिसले, पण चामड्याचे काय करायचे ते सुचले नाही. पट्टा, पाकीट, कॅमेऱ्याची चामडी पिशवी आत चालत नाही, तोकडे कपडेही चालत नाहीत. हे हॉटेलातून निघताना सांगायचे असते. दारात सांगितले तर वीस माणसे रस्त्यातच पट्टे सोडू लागतात. घुमटाच्या आतली रंगवलेली राशिचक्रे मात्र मान वर करून दाखवाच.

‘जिना हाऊस आवर्जून पाहा’ म्हणे. पाहणार काय? भिंत? बंगला बंद आहे, मुख्यमंत्र्यांचे ‘वर्षा’ त्याच परिसरात, आणि कॅमेरा वर काढला की पोलीस येतात. १९३६ साली वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या त्या घरात सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी-जिना बोलणी झाली, हे सगळे हँगिंग गार्डनच्या बाकावर बसूनही सांगता येते. तसेच राज्यपालांच्या निवासस्थानाचे. २०१६ मध्ये तिथे तेरा खोल्यांचे भुयार सापडले हे खरे. पण आधी नोंदणी केल्याशिवाय फाटकाशी उभे राहून काही मिळत नाही.

आता मुख्य तक्रार. ‘डोंगरवाडीवर घिरट्या घालणारी गिधाडे आजही अंगावर काटा आणतात’ हे वाक्य कुणी तपासले? डोंगरवाडी ही पारशांची अंत्यसंस्काराची जागा, तिथे पार्थिवे गिधाडांसाठी उघड्यावर ठेवत. मुंबईच्या आकाशात घिरट्या घालतात त्या घारी. कठड्याशी उभे राहून वाटाडे त्यांच्याकडेच बोट दाखवतात आणि पर्यटक भेदरून फोटो काढतात. ओळखणे अवघड नाही. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि उडताना ती सारखी वळवते. गिधाडाची शेपटी आखूड, पंख फळीसारखे रुंद. गिधाडे गेली ती डायक्लोफेनॅकमुळे. हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर वेळ निघून गेली होती. म्हणून डोंगरवाडीत पार्थिवांवर ऊन एकवटणारी सौर यंत्रणा बसवावी लागली. दोखम्यात (पार्थिव ठेवायच्या बुरुजात) तर पारशी माणसालाही जाता येत नाही, पार्थिव आत नेण्याचे काम नेमलेल्या शववाहकांचे. आणि तुमचा लेख सांगतो, ‘फाटकातून डोकावून पाहा’! तिथे लोक अंत्यसंस्काराला आलेले असतात. बसमधून कर्ण्यावर गिधाडपुराण सांगत जाणाऱ्यांची आधीच कमी नाही, त्यांना वर्तमानपत्राचा दाखला कशाला देता? हँगिंग गार्डनखालचे जलाशय गिधाडांच्या भीतीने झाकले, ही कथाही त्याच पुराणातली. पिण्याच्या पाण्यात पालापाचोळा, विष्ठा पडू नये आणि उन्हाने शेवाळ धरू नये, एवढे कारण टाकी झाकायला पुरेसे आहे. त्या टाकीत सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी मावते आणि दक्षिण मुंबई ते पिते. पर्यटकांना हा आकडा सांगून पाहा, पायाखाली बघू लागतात.

बाणगंगेबद्दल थोडेच. मोठी बस गल्लीत नेऊ नये, वळवता येत नाही. शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे कुणाला उभे करू नये. श्राद्धविधी चालू असतील तर कॅमेरा खाली. पितृपक्षानंतर पिंड आणि फुले कुजून पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि वास येतो. पाहुणे विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवावे. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ साली रामा कामती यांनी पुन्हा बांधले, हेही सांगावे. लेखकाने ‘नव्याने नटलेली बाणगंगा’ असे लिहिले आहे. जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी ठेकेदाराने तलावात यंत्र उतरवले, दगडी पायऱ्यांचे नुकसान झाले, गुन्हाही नोंदवला गेला. नटण्याची ही तऱ्हा आम्हां रहिवाशांना नवीन आहे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात प्रियदर्शिनी पार्क टेकडीवर दाखवले आहे. ते खाली नेपियन सी रोडला, समुद्राला लागून आहे. दुरुस्ती छापणार असाल तर नकाशासकट छापावी.

आपला,
एक वाचक, वाळकेश्वर