बाजार आधी, समुद्र मग

सोलापूर,
28 एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. आंबे अजिबात न दबता आले, गल्लीत वाटूनही झाले. आई अजून रोज जेवायला बसली की वहिनींच्या काजूगरांच्या उसळीचं नाव काढते.

निघताना तू विचारलंस, रत्नागिरीत सगळ्यात जास्त काय आवडलं? मी "बाजार" म्हटलं आणि वहिनी हसल्या. सोलापूरचा माणूस समुद्राचंच नाव घेणार असं त्यांना वाटलं असेल. समुद्र आवडलाच रे. भाट्याच्या सुरूच्या बनातून पुढे आलो आणि एकदम पाणीच पाणी दिसलं, तेव्हा पोरं चपला टाकून पळाली, मीही त्यांच्या मागे पळालो. पण बाजार का, ते दारात उभं राहून सांगता आलं नसतं.

कडेला गोणपाट टाकून बसलेली ती मावशी आठवते? परडीत ओले काजूगर, शेजारी रातांब्यांचे दोन वाटे, लाल माठाच्या चार जुड्या आणि थोडी गावठी अंडी. दुकान म्हणायचं तर एवढंच. गर ती शेकड्यावर देत होती. पाच-पाच उचलून तोंडातल्या तोंडात मोजायची, शंभर भरले की वर मूठभर टाकायची. बोटं चिकानं काळी पडलेली, नखांच्या कडेची कातडी सोललेली. झाड तुमचंच का, विचारलं तर म्हणाली, "परड्यातलंच आहे, सासऱ्यांनी लावलेलं." भावही तिनंच सांगितला. तू तो पाडायला लागलास तेव्हा मी तुझा हात दाबला होता, तो यासाठी.

आमच्या मार्केट यार्डात असं दृश्य नाही. सोलापूरचा कांद्याचा बाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. हंगामात पहाटे गेलास तर पिशव्यांच्या थप्प्यांतून वाट काढावी लागते. पण ज्यानं कांदा पिकवला तो स्वतःच्याच मालाशेजारी गप्प उभा असतो. बोली दुसरे लावतात. मग आडत्याच्या हातची हिशेबाची पट्टी येते, त्यात हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं इथे 512 किलो कांदा विकला आणि सगळं वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक आला. पेपरात तो फोटो तूही पाहिला असशील. माझ्या मनातून तो अजून जात नाही. म्हणून स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच्या तोंडानं सांगणारी बाई दिसली की मी थांबतो.

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात गेलो तेव्हा मात्र वाटलं, इथेही आपल्यासारखंच. मासळीचा लिलाव बघता बघता संपला आणि ज्यांनी रात्रभर समुद्रात जाळी ओढली ते बाजूला उभे. हापूसचंही तू सांगितलंसच, पेटी वाशीला जाते आणि भाव तिकडून कळतो. तुमचे आंबेवाले, मच्छीवाले आणि आमचे कांदेवाले सख्खे भाऊच की! रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेऊन तटावरून खाली बंदरातल्या होड्या बघताना मी गप्प होतो, ते याच विचारात. तुला वाटलं, मी दमलो.

थिबा पॅलेसचंही तसंच. वास्तू सुंदर आहे, गच्चीवरचा वारा तर काय सांगावा. पण ब्रह्मदेशाचा राजा, 1885 मध्ये राज्य गेलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला, हा वाडा मिळाला 1910 च्या सुमारास आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं परक्या मुलखात. काजळी नदी समुद्राला मिळते ते बघत तो काय विचार करत असेल, हे आमची धाकटी अजून विचारते.

आता तुझी पाळी. संक्रांतीला ये. रस्ता सरळ आहे: आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा. मंगळवेढ्याच्या आसपास गाडी थांबव, रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी असेल. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तेव्हा ऐन रंगात असते. सातही नंदीध्वज, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, निघतात, अक्षता सोहळ्याला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बघशील. भुईकोट किल्ला आणि तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर शेजारी-शेजारीच आहे, चालत होईल. एक दिवस हत्तरसंग कुडलला जाऊ. भीमा-सीनेचा संगम आहे आणि तिथल्या देवळात 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवून बघ, मी जास्त काही लिहीत नाही.

यार्डात मात्र पहाटेच न्यायचं ठरवलंय. तिथून थेट शेतावर हुरड्याला. आगटीतून काढलेलं गरम कणीस तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं आणि शेंगाचटणीबरोबर खायचं. शेतमालक ओळखीचे आहेत, पैसे घेत नाहीत, म्हणून त्यांच्याकडची ज्वारी मी दरवर्षी ते सांगतील त्या भावानं घेतो. तूही एक पोतं घेऊन जा.

वहिनींच्या शाळेला जानेवारीत सुट्टी कधी मिळते ते कळव, म्हणजे शेतावर सांगून ठेवतो. काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
दत्ता