पाडव्याची कोर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या पाडव्याला रत्नागिरीतून चंद्राची कोर दिसेल का, असं विचारलंस. आधी पंचांगात अमावास्या किती वाजता संपते ते बघ आणि तिथून पाडव्याच्या सूर्यास्तापर्यंतचे तास मोज. १५ च्या आत असतील तर जाऊच नकोस. १५ ते २० असतील तर दुर्बीण हवी आणि आकाश धुतल्यासारखं हवं. २४ च्या पुढे नुसत्या डोळ्यांनी दिसायला हरकत नाही. एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकणं. ७ अंशांच्या आत असताना कोर उजळतच नाही, म्हणून प्रतिपदा निम्म्याहून जास्त उलटलेली लागते.

जागा रत्नदुर्गाच्या दीपगृहाकडची. भाट्याची वाळूही चालेल, पण सुरूच्या बनाबाहेर, पाण्याजवळ उभी राहा. सूर्य बुडाला ती जागा पक्की धर. एखादा ट्रॉलर नाहीतर खडक खूण म्हणून बरा. हात ताठ केला की मूठ साधारण १० अंश भरते. या दिवसांत कोर सूर्याच्या सरळ वर नसते. त्या खुणेपासून पाऊण मूठ डावीकडे आणि जेमतेम मूठभर वर, एवढ्यातच शोध. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला ५ अंशांनी तिरकी असल्यामुळे तीन बोटांचा फरक पडू शकतो. लोक चुकतात ते इथंच, सगळं आकाश धुंडाळतात.

वेळही थोडीच मिळते. मूठभर उंची म्हणजे चाळीसेक मिनिटं. सूर्य बुडताच उजेड फार, शेवटी क्षितिजावरचा धुरकटपणा कोर गिळतो. सूर्यास्तानंतरची पंधरा ते पंचवीस मिनिटं खरी. सूर्यच पाण्याला टेकण्याआधी धुरकटात विरला, तर कोरीची आशा फार धरू नकोस.

दुर्बीण ७x५०, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, असली तर उत्तम. सूर्याची वरची कडा बुडेपर्यंत ती डोळ्याला लावायची नाही, हे मात्र निक्षून सांगतो. फोकस आधीच लांबच्या होडीच्या दिव्यावर बसव. रिकाम्या आकाशात फोकस जमत नाही आणि कोर समोर असून दिसत नाही.

उन्हाने उजळलेली ढगाची चिरी किंवा विमानाची रेघ फसवते. खऱ्या कोरीचं पोट सूर्याकडे, म्हणजे आता खाली-उजवीकडे असतं आणि टोकं उलट्या बाजूला. शिवाय ती चार मिनिटांत अंशभर खाली उतरते, तीही किंचित उजवीकडे सरकत. चैत्रात हीच कोर सूर्याच्या जवळजवळ डोक्यावर, होडीसारखी आडवी असते. म्हणून नवशिक्याने गुढीपाडव्याच्या सुमाराला बघणं जास्त सोपं.

पाडव्याला हुकली तर भाऊबीजेला त्याच जागी जा. तेव्हा ती मूठभर आणखी वर आलेली असेल, शोधावी लागणार नाही. अंधार पडू लागला की कोरीच्या कुशीतला उरलेला राखाडी गोलही बघून ठेव. पृथ्वीवरून उसळलेल्या उजेडाने तो दिसतो.

तुझा,
बाबा