इक्बालचं एक वाक्य

प्रिय सुध्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, आईचा गुडघाही.

लिहायला बसलो ते इक्बालमुळे. त्याचा झैद आता भन्नाट टाकतो. कांगा लीगच्या पावसाळी सामन्यांत, चिखलातही चेंडू छातीपर्यंत उसळवतो. परवा मॅचनंतर टपरीवर मी म्हटलं, मुंबईच्या निवड चाचणीला पाठव की. इक्बालनं चहावरची साय बोटानं काढून फेकली आणि म्हणाला, "त्यापेक्षा न्यूझीलंडला पाठवतो. एजाज पटेलसारखा तिकडून खेळला तर वानखेडे टाळ्या वाजवेल. इथून खेळून पाकिस्तानकडून मार खाल्ला तर घराचा पत्ता विचारत येतील." आणि हसला. दहावीच्या निकालादिवशी हसला होता तसा.

मी वाद घातला, पण काय डोंबल घालणार? एजाज मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर आपलेच दहाच्या दहा गडी ११९ धावांत घेऊन बसला. आपण काय केलं? 'मुंबईचा पोरगा' म्हणून मिरवला. (गंमत म्हणजे पुढच्याच मालिकेत न्यूझीलंडनं त्याला संघातून वगळला. तेही काही कमी नाहीत!) २०२४ ला परत आला, ११ गडी घेतले, मालिका ३-० अशी गेली, तरी आपलाच. त्या दहा गड्यांच्या जेमतेम दीड महिना आधी दुबईत आपण पाकिस्तानकडून हरलो होतो. त्यांचा एकही गडी कुणालाच मिळाला नव्हता, पण शिव्या पडल्या मोहम्मद शमीला. कोहली त्याच्या बाजूनं ठणकावून बोलला, मान्य. इक्बालच्या लक्षात मात्र आपल्या बिल्डिंगचा ग्रुप राहिलाय. कुणी काय लिहिलं होतं ते तुला सांगायला नको, तूच ऑफिसात बसून भांडत होतास.

आणि तू! नेत्रावळकरनं न्यूयॉर्कमध्ये कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवला तेव्हा स्टँडमध्ये नाचलास. मी फोनवर 'गद्दार' म्हटलं तर खिदळत बसलास. तो सौरभ आपल्याकडून अंडर-१९ खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग ओरॅकलमध्ये नोकरी आणि अमेरिकेचा संघ. त्यानं सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला हरवलं त्या रात्री आमच्याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो! त्याच लोकांचे, सुध्या. लहानपणी इक्बालनं झेल सोडला की आपण त्यालाही गद्दार म्हणायचो, तोही बॅट घेऊन मागे धावायचा. आज म्हणून दाखव बघू.

(आणि तो झेल मी सोडलेला नाही. तीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.)

वहिनींना नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग. आर्याला पोहायला घातलंस ते बरं केलंस. ग्रीन कार्डाचं काही हललं का?

चाचणीचा फॉर्म झैदनं आणलाय, बापाची सही बाकी आहे. तू इक्बालला फोन कर. माझं तो हसण्यावारी नेतो, तुझ्याशी निदान भांडेल तरी. रविवारी सकाळी घरी असतो.

तुझा,
बंड्या